उंच जीप आणि मागच्या सीटचा मान

मंगळवारी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी मी एका लाल भोपळ्याला टोपडं बांधलं आणि तिथून सगळं सुरू झालं. वेळ पक्की आहे. आरोहीने दूध कधी घेतलं, किती घेतलं हे मी वहीत लिहिते. त्या दिवशी त्याच ओळीत भोपळाही लिहिलेला आहे.

भोपळा कशाला, ते सांगते. आरोहीच्या पप्पांनी एक जुनी जीप घेतली आणि बीडला नेऊन उंच करून आणली. खालचे स्प्रिंगचे पाटे बदलले, टायर ट्रॅक्टरला शोभतील असे टाकले. आधी त्या जीपमध्ये बसता यायचं, आता चढावं लागतं. रविवारी आरोहीचं जावळ काढायचं होतं. सासूबाईंनी धर्मापुरीच्या देवाला नवस बोललेला. माझी लेक जीपमधूनच जाणार, असं पप्पांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. पण अकरा महिन्यांचं लेकरू त्या उडत्या गाडीत बसवायचं कसं? म्हणून तिच्या वजनाचा, साडेआठ किलोचा भोपळा मागच्या सीटला ओढणीनं बांधला आणि पप्पांना म्हणलं, आधी वडवणीपर्यंत ह्याला फिरवून आणा. (सातवीपर्यंत विज्ञान होतं आम्हाला. प्रयोगाचं महत्त्व मला कळतं.) टोपडं मात्र उगीच बांधलं.

कारण गाडी परत आली तेव्हा भोपळ्याचे दोन तुकडे होते आणि टोपडं एकाच तुकड्यावर होतं.

"मी लेकराला न्हाई पाठवत ह्यात," मी म्हणलं.

"भोपळाच नरम हुता," पप्पा म्हणाले.

शेवटी दोघं फाट्यावरच्या तानाजी मिस्त्रीकडे गेलो. तानाजी गाडीखाली घुसला, बाहेर आला, टायरवर एक बुक्की मारली.

"वहिनी, हे पाटे माल वाहायचे हायेत. रिकामी गाडी उडणारच की. एक-एक पाटा काढतो, गाडी खाली बसंल. मग लेकरू झोपून जाईल."

"खाली म्हंजे किती?" पप्पांनी विचारलं. तोंड असं केलं, जसं कुणी रान विकायला सांगितलं.

"चार बोटं."

"चार बोटं खालीच आणायची हुती तर उचलली कावून बे?"

तानाजीनं हात पुसले. "मग टायरातली हवा कमी करा आन मागं क्विंटलभर वजन टाका. पाटे दबतेल, धक्का बसायचा न्हाई. बोटभर उतरंल, पण ते कुणाला दिसत न्हाई."

हवा तिथंच कमी केली. वजनासाठी मी सरकी पेंडीचं पोतं सुचवलं.

"आपण जावळाला चाललोत का बाजारला?" पप्पा म्हणाले. नव्या सीटवर पोतं ठेवायचं नाही, हा शेवटचा शब्द.

भाकरी थापता थापता मला सुचलं, की वजन पोत्याचंच असावं असं तानाजीनं कुठं म्हणलंय? मी दुधाची वही काढली आणि मागच्या पानावर पाहुण्यांची नावं लिहिली, प्रत्येकापुढे अंदाजे किलो. सगळ्यात वर सुंदरबाई अक्का निघाल्या. अक्का म्हणजे पप्पांची थोरली बहीण, आरोहीची आत्या. सगळ्यात खाली बबनतात्या, पप्पांचे चुलते. माजी सरपंच, पण अंगानं तुरीची काठी. घरचं कार्य असलं की गाडीत बसायचा पहिला मान तात्यांचा. पण पुढं पप्पांशेजारी सासूबाई बसणार होत्या, मागच्या सीटवर मी आणि आरोही धरून आणखी एकच माणूस मावत होतं, आणि तात्या पन्नासच्या वर जात नव्हते.

"तात्या, तुमी बाकी पावण्यांसंगं टेम्पोत बसा, टेम्पो मऊ चालतो," मी म्हणलं. तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

अक्कांना म्हणलं, "तुमी आरोहीजवळ बसा. तुमच्याबिगर गाडी निघायची न्हाई." यात एक शब्द खोटा नव्हता.

अक्कांचे डोळे भरून आले. रविवारपर्यंत त्यांनी सगळ्या भावकीला फोन करून सांगितलं, की भावजयीनं तात्याला टेम्पोत बसवलं आणि मला जीपमधी मान दिला.

प्रयोग सफल झाला. आरोही धर्मापुरीपर्यंत गाढ झोपली. (श्वास चालू आहे का, हे मी फक्त नऊ वेळा बघितलं.)

देवळापाशी माझा भाऊ गहिनीनाथ, म्हणजे आरोहीचा मामा, तिला मांडीवर घेऊन बसला. न्हाव्यानं वस्तरा काढला. आत्यानं पदर पसरून केस झेलायचे, केस भुईवर पडू द्यायचे नाहीत, ही आमची रीत. पडले तर लेकराला काय काय होतं, त्याची यादी मला पाठ आहे. (अर्धी मीच वाढवलेली.)

तेवढ्यात बबनतात्या टेम्पोतून उतरले. टेम्पो तानाजीच चालवत होता, आणि रस्ताभर तात्यांनी त्याला एकच विचारलं होतं, मला टेम्पोत कावून बसवलं? तानाजी प्रामाणिक माणूस.

"सुंदरे," तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला मानाचं म्हणून न्हाई बसवलं. गाडी दबावी म्हणून बसवलंय. पोत्याच्या जागी."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी वस्तऱ्याकडे बघितलं. अक्कांनी पसरलेला पदर गोळा केला, कमरेला खोचला आणि पायरीवर जाऊन बसल्या.

"पेंडीचं पोतं आणा. तेच झेलंल केस."

"अक्का, तसं न्हाई," पप्पा म्हणाले, "गाडीची उंची ऱ्हावी म्हणून..."

"बजरंग, तू गप बस."

मी पाया पडले. चुकलं म्हणलं. लेकराचं तोंड बघा म्हणलं. अक्कांनी मग समोरच्या सोयाबीन घेणाऱ्याच्या काट्याकडे बोट केलं.

"माझं वजन समद्यांसमोर निघालं. आता तुजंबी निघू दे. मग झेलते."

आधी त्या चढल्या, चपलेसकट. अठ्ठ्याहत्तर. मग मी. चपला काढल्या, मोबाईल पप्पांकडे दिला, श्वास सोडून दिला. काटा हलला, डुलला आणि थांबला. तात्या पुढे झाले आणि मतमोजणीचा आकडा वाचावा तसं वाचलं, "साडेएक्याऐंशी. सूनबाई साडेतीन किलोनं निवडून आल्या."

(यादीत मी सगळ्यांची नावं लिहिली होती. माझं लिहायचं राहून गेलं होतं.)

अक्कांनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, वरून खालपर्यंत, सावकाश. पदर कमरेतून सोडला. "चला, न्हाव्याचा खोळंबा नको." एक केस खाली पडू दिला नाही त्यांनी. येतानाही जीपमध्येच बसल्या आणि मला सारखं म्हणत होत्या, नीट पसरून बस, अवघडू नको.

तानाजीनं जाताना हिशेब सांगितला. "वहिनी, तुमी आन लेकरू मिळूनच नव्वद भरता. वर धा किलो जवारी ठिवली असती तरी भागलं असतं. अक्कांना कावून तरास दिला?"

ही बातमी वडवणीला आमच्या जीपच्या आधी पोचली. म्हणून माझी एक विनंती आहे. कुणी विचारलं तर एवढं सांगा, आणि ऐकणाऱ्यालाही पुढं सांगायला लावा, की काट्यावर चढताना आरोही माझ्या कडेवर होती. ती तेव्हा मामाच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवत होती, हे ज्यांनी बघितलं त्यांच्यापुरतंच राहू द्या.