तासाला पाच अंश

परुळेकरकाका चहाचा कप तोंडाला लावण्याआधी नखानं वाजवून बघायचे. तोही कानाजवळ धरून. 'खण्ण' आवाज आला तर चहा पोटात, 'ठप्प' आला तर कप परत. कारखान्यासमोरचा चहावाला वैतागायचा, "काका, चहा प्यायला आलात की माठ घ्यायला?" पण परत दिलेल्या कपाला बारीक तडा असायचाच, हे त्यालाही ठाऊक होतं. एकदा डॉक्टरांनी काकांच्या पाठीवर बोटं ठोकून बघितली, तर यांनी विचारलं, "आवाज कसा आला?"

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे? खण्ण की ठप्प?"

डॉक्टरांनी निमूटपणे औषध लिहून दिलं.

ही खोड त्यांना कारखान्यातल्या मुशी वाजवून बघताना लागली. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. अंबरनाथ एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये आमचा छोटा कारखाना होता. मी स्टोअर सांभाळायचो, काका भट्टी. आम्ही काचेसारख्या कार्बनच्या मुशी, म्हणजे धातू वितळवायच्या वाट्या, बनवायचो. प्रयोगशाळावाले घ्यायचे. हा काय प्रकार आहे ते नातेवाइकांना सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे. काकांना मात्र कोणी विचारायचीच खोटी.

"कोळसाच हो तो! पण काचेसारखा. तोंड बघून घ्या त्यात. आरपार हवा जात नाही, तेजाब त्याला खात नाही, वितळलेला धातू चिकटत नाही. वीजसुद्धा वाहते, म्हणून रसायनं तपासणारे त्यांत वीज सोडायला याच्या कांड्या नेतात. फक्त पाडू नका, काचेसारखाच फुटतो." असं म्हणून मूस पाहुण्याच्या हातात द्यायचे, आणि पाहुणा बिचारा श्वास रोखून उभा.

करायची रीत अशी : मधासारखी राळ साच्यात ओतायची, वाळवायची, आणि बंद भट्टीत नायट्रोजन सोडून तापवायची. राळेतलं बाकी सगळं वायू होऊन निघून जातं, कार्बन तेवढा मागे राहतो. मूस आकसते, काळी होते, चमकायला लागते. पण तो वायू हळूहळू बाहेर पडला पाहिजे. घाई केली की आतच कोंडतो आणि फोड येतात. म्हणून मुशीची भिंत पातळ ठेवायची आणि उष्णता वाढवायची तासाला फक्त पाच अंश. एक भट्टी आठ दिवस चालायची.

काकांचं सगळं जगणंच तासाला पाच अंशांचं. डबा खायला पाऊण तास. रिक्षा जरा पळाली की मागून, "अरे बाबा, फोड येईल!" माझ्या बायकोनं नवा कुकर घेतल्याचं मी कौतुकानं सांगितलं, तर म्हणाले, "दहा मिनिटांत भात? पोटात फोड येईल, सावंता." आता या माणसाला काय म्हणावं!

राहायला ते बदलापूरला. बायको वारलेली. मुलगी सुमन सासरहून परत आलेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. ते त्यावर बोलायचे नाहीत आणि आम्ही विचारायचो नाही.

आमचा शेठ उल्हासनगरचा सिंधी. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा धीर सुटत चालला होता. "साईं, तेरी भट्टी के आगे बैठ के मेरा बाल सफेद हो गया," म्हणायचा. एकदा चाळीस मुशींची मोठी ऑर्डर आली, आणि शेठनं निर्वाणीचं सांगितलं, "सोमवार को माल नहीं गया, तो भट्टी बंद. मैं बाहर से ग्रॅफाइट का तैयार माल लाके बेचूंगा."

काका पन्नाशी ओलांडलेले. भट्टीखेरीज त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं. भट्टी गेली की काका संपले, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. हिशेबानं माल बुधवारी निघणार होता. "बुधवार म्हणजे बुधवार. शेठला मी समजावीन," काका म्हणाले. चार दिवस ते घरी गेले नव्हते, भट्टीजवळच पुठ्ठे टाकून पडायचे. शुक्रवारी दुपारी मी म्हटलं, "काका, घरी जाऊन आंघोळ तरी करून या. मी बसतो." त्यांनी बराच वेळ विचार केला आणि पहिल्यांदाच आपली खुर्ची दुसऱ्याला दिली. "सुईकडे बघत बस. कशाला हात लावू नकोस."

मी हात लावला. देवाशपथ सांगतो, त्यांच्या भल्यासाठी लावला. पाचाचे पन्नास केले. वाटलं, सोमवार गाठला की काकांची भट्टी वाचेल. ते यायच्या आत काटा पुन्हा पाचावर आणून मी साळसूदपणे बसलो. पण भट्टीशेजारी कागदाची गुंडाळी फिरत असायची, तिच्यावर पेन आपोआप उष्णतेची रेघ ओढायचं. ते माझ्या टाळक्यातच आलं नाही. काका आले आणि कागदापाशी उभे राहिले. दुपारभर रेघ जिन्यासारखी चढली होती. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "जा आता घरी," एवढंच म्हणाले.

भट्टी उघडली तेव्हा चाळीसातली एकही मूस धड नव्हती. भाजलेल्या पापडासारखे फोड आलेले. तरी काका एकेक उचलून कानाशी वाजवत होते. शेठनं तो कागद बघितला आणि ओरडला, "इतनी घाई किसने की?"

मी हातातलं स्टोअरचं रजिस्टर उघडून आकडे बघायला लागलो.

"मी केली, शेठ," काका म्हणाले. "सोमवार गाठायचा होता."

मागे कोणीतरी फिसकन हसलं, "म्हाताऱ्याला एकदाच घाई झाली, ती पण कधी बघा!" आठवड्यात भट्टी भंगारवाल्यानं उचलली आणि काका घरी बसले. मी शेठला जाऊन खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नोकरी जाईल म्हणून भ्यालो.

दोन महिने अन्न गोड लागेना. शेवटी एका रविवारी बदलापूरला गेलो. सुमननं दार उघडलं, म्हणाली, "बाबा मागे आहेत." काका परसात दगडावर बसले होते, अर्धे झालेले. मी सगळं भडाभडा बोलून टाकलं.

"ठाऊक आहे रे. रेघ वाचता येते मला."

"मग माझं नाव का नाही घेतलंत, काका?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "भट्टीला मी आठ दिवस द्यायचो. सुमनच्या लग्नाला चारच दिले. हिची आई अंथरुणाला खिळलेली, तिच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून. कुणाकडे चौकशी नाही, काही नाही. भल्यासाठीच केलं मीही. पोर वर्षभरात परत आली, दोन्ही हातांवर चटक्यांचे डाग घेऊन. मग जो येईल तो विचारायचा, 'परुळेकर, एवढी घाई कोणी केली?' फार वाईट प्रश्न असतो तो, सावंता. शेठनं विचारला, तेव्हा वाटलं, तुझ्यावर नको यायला. म्हणून बोलून गेलो."

मला रडू आवरेना. डोळे पुसून विचारलं, "आणि सुमन?"

"तिनं नाही विचारलं. अकरा वर्षं झाली. रोज पानावर बसलं की वाटतं, आज विचारेल."

आतून सुमननं हाक मारली, "बाबा, पानं वाढलीत." काका उठले, हात धुतले आणि आत गेले.