सभागृहाला मानवणारा सूर

संस्थेची खरी पारख ती आवाजाशी कशी वागते यावरून होते. नगराचे नवे सभागृह या कसोटीला पुरेपूर उतरले.

ध्वनितंत्रज्ञाने ते तीन दिवस तपासले. आत सोडलेला आवाज घुमून त्याचा पार चुथडा होई, पण त्या बाबतीत सभागृह कमालीचे निःपक्षपाती निघाले. सकाळच्या टाळीचे जे हाल, तेच संध्याकाळच्या टाळीचे. आवाज दुप्पट केला की हालही मोजून दुप्पट. दोघे एकदम बोलले, तर दोघांची स्वतंत्र वाट लावून बेरीज परत मिळे. (एकाच्या वाट्याचे हाल दुसऱ्याला दिल्याचे उदाहरण आढळले नाही.)

धड आला तो एकच आवाज : यंत्रातून सोडलेला, सलग धरलेला एकच सूर. थोडा क्षीण होई, थोडा मागे पडे; पण सूर तोच. तंत्रज्ञाने प्रामाणिकपणे तसे लिहिले आणि भिंतींना जाड अस्तर लावण्याची शिफारस केली.

समितीच्या अध्यक्षांनी अहवाल वाचला. "एक आवाज धड येतो ना? मग दोष सभागृहात नाही, बाकीच्या आवाजांत आहे."

"साहेब, माणसं एका सुरात बोलत नाहीत."

"मी बोलतो."

ते खरेच होते.

आठवड्यात परिपत्रक निघाले. वक्त्यांनी एकच सूर धरावा. चढउतार व प्रश्नचिन्हे टाळावीत. टाळ्यांना मनाई (टाळीत सगळे सूर एकदम असतात, हे अहवालातलेच वाक्य). नोंदणी झालेल्या एकतीस वक्त्यांपैकी सत्तावीस जणांना प्रशिक्षणाची गरजच भासली नाही. उरलेल्या चौघांत तंत्रज्ञाची बायको होती. ती शाळेत शिकवायची, आणि तिच्या वर्गाचे नाटक त्याच सभागृहात ठरले होते.

"अहो, माझा राक्षस आणि ससा एकाच सुरात बोलणार?"

"परिपत्रकाप्रमाणे, हो."

"आणि हे तुमच्या अहवालावरून?"

"अहवाल बरोबर आहे गं," तो म्हणाला. पण त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही.

जाहीर बैठकीत ती अस्तर मागायला व्यासपीठावर उभी राहिली. आवाज चढवला, उतरवला, चार सरळ प्रश्न विचारले. शेवटच्या रांगेतल्या तंत्रज्ञाला एक अक्षर कळले नाही. (भाषण त्याने घरी चारदा ऐकले होते, तरीही.) जन्मात कधी सभेत न बोललेला तो माणूस उभा राहिला आणि ओरडला, "मागे काही ऐकू येत नाही."

'नाही' वाटेतच विरले. अध्यक्षांनी नोंद करवली : शेवटच्या रांगेत ऐकू येते.

मग त्यांनी आपल्या सलग सुरात विचारले, अस्तराची गरज नाही, हे मान्य आहे ना. तीनशे लोकांनी तोंड न उघडता "हंऽऽ" केले. ते व्यासपीठावर जसेच्या तसे पोचले. जरा क्षीण, जरा उशिरा. ठराव एकसुराने मंजूर झाला.

नाटक शाळेच्या पटांगणात झाले. तिथे सशाची कुजबुजही ऐकू आली. ऐकायला तेवीस माणसे होती, आणि तंत्रज्ञाने एकट्याने पुरेशा टाळ्या वाजवल्या.

बैठकीचे इतिवृत्त अजून खुले आहे. तुम्ही तिथे नव्हता, हे मान्य. पण इथपर्यंत वाचताना मनातल्या मनात कुठेतरी "हंऽऽ" केलेच असेल. तेही ठरावाच्या बाजूने धरले आहे.