ऋजुताचा पहिला पेशंट

माझ्या बायकोला डॉक्टर मीच करणार, असं मी इंग्लंडमधल्या माझ्या ब्रॅकनेलच्या अख्ख्या ऑफिसला सांगून ठेवलं होतं!

ऋजुता शाळेत इतिहास शिकवते. बायॉलॉजी तिने दहावीनंतर पाहिलेलं नव्हतं. पण कुठल्याही शाखेच्या पदवीधरांना डॉक्टरकीला घेणारे कोर्स इथे आहेत हे कळल्यापासून ती पहाटे उठून केमिस्ट्री करत होती आणि शनिवारी केअर होममधल्या म्हाताऱ्यांना भरवत होती. दोन वर्षं. मला दोन आठवडे जिम जमलेली नाही. गेल्या वर्षी ती इंटरव्ह्यूत घसरली. तिथे म्हणे एक नट पेशंट होऊन बसतो आणि त्याच्याशी नीट बोलायचं असतं. यंदा पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा मी म्हणालो, नट घरातच आहे.

रविवारी सकाळी मी छाती धरून हॉलमध्ये कोसळलो. सोबत इस्त्रीचं टेबलही कोसळलं. कॉलेजात अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलेला माणूस मी, नुसता कण्हून थोडाच थांबणार? ऋजुताला हसू आवरेना, म्हणून मला तीनदा मरावं लागलं.

चौथ्या खेपेला दारात अँब्युलन्स उभी. आमची आणि शेजारच्या मार्गारेटबाईंची भिंत एकच. फोन त्यांनी केला होता. मी नाटक करत होतो असं पॅरामेडिकला सांगितलं, तर ती म्हणाली, असं बरेच जण म्हणतात. दोन मिनिटांत माझ्या छातीवर पट्ट्या आणि तारा. सगळं नॉर्मल निघालं. मग त्या पट्ट्या उपटल्या, तेव्हा मी जो ओरडलो त्यात अभिनय नव्हता.

ऋजुता बाहेर होती. मार्गारेटबाई फाटकाशी थरथरत उभ्या असलेल्या फक्त तिलाच दिसल्या होत्या. त्यांचे मिस्टर असेच हॉलमध्ये कोसळून गेले होते, आणि तेव्हा फोन करायला उशीर झाला, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. तिने त्यांना पायरीवर बसवलं, स्वतः खाली ओल्या फरशीवर बसली.

"चूक आमची झाली. तुम्ही फोन केलात ते अगदी बरोबर केलंत."

मग त्यांची थरथर थांबेपर्यंत ती हात धरून बसली. मला हे सुचलं नसतं. मी शर्ट शोधत होतो.

निघताना पॅरामेडिकने तिला विचारलं, तुम्ही नर्स आहात का? ऋजुता म्हणाली, नाही, इतिहास शिकवते.

इंटरव्ह्यूत तिला स्वतःच्या हातून झालेली एखादी चूक सांगायला लावली. तिने हीच सांगितली. मार्चमध्ये ईमेल आली. प्रवेश मिळाला! मार्गारेटबाई केक घेऊन आल्या, मित्रमंडळी जमली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने मी विचारलं, "तिथे माझं नाव घेतलंस ना?"

"कसं घेणार?" केक कापता कापता ती म्हणाली. "पेशंटची ओळख सांगायची नसते."