डायलवरची गाय

“भिमा, असं घड्याळ करून दे की खुद्द तात्यांनी म्हणावं, हे माझंच.”

इंदापुरात भिमा घड्याळवाल्याच्या टेबलावर सर्जेरावनं मूठ आपटली, तेव्हा काटे, स्क्रू, चाकं सगळी टुणकन उडाली. भिमा ती अजून शोधतोय.

झालं होतं ते असं. गावच्या दूध संस्थेनं सभासदांना घड्याळं वाटली होती, डायलवर गाय असलेली. थोरले भाऊ जोतीराम तात्या अकलूजला लेकीकडे गेले, तसं सर्जेरावनं त्यांचं घड्याळ न विचारता हातात घातलं आणि कालव्यात पोहताना घालवलं. रविवारी संस्थेची निवडणुकीची सभा होती. तात्या चेअरमन हिंदुरावांच्या विरोधात उभे होते. घड्याळाशिवाय ते सभेला जायचे नाहीत आणि घड्याळ गेल्याचं कळलं तर सर्जेरावला घरात ठेवायचे नाहीत.

भिमानं तसलंच घड्याळ पैदा केलं, त्याची डायल कोरी करून वर गाय आणि अक्षरं रंगवली. नमुन्याला सर्जेरावनं गावातल्या शेजारच्या रावजीचं घड्याळ मागून आणलं होतं. आता भिंग लावून जुळवायचं.

बाराच्या खाली

“ही गाय हाय का म्हस? शिंगं बघ की.”

“सर्जेराव, तिळाएवढी गाय. शिंगं किती दावू?”

“रावजीच्या गाईला हायती तेवढी.”

नऊपाशी

शेपूट. रावजीची गाय शेपूट उडवत होती, भिमाची शेपूट घालून उभी होती. सर्जेराव असा कडाडला की शेजारच्या रसवंतीचे घुंगरू थांबले.

“माशा बसत्याल तिच्यावर.”

“बसू द्या. त्या मला काढाय लागणार न्हाईत.”

तीनपाशी

तारीख. बरोबर होती. त्याचाही सर्जेरावला राग आला.

सहाच्या वर

बारीक अक्षरात: *चेअरमन हिंदुराव यांच्या शुभहस्ते.*

“पुसट काढलंयस. ठसठशीत कर.”

भिमानं दात खात केलं.

मनगटावर

रविवारी अकलूजहून आल्या आल्या तात्यांनी घाईघाईत घड्याळ चढवलं. सर्जेराव सभेत छाती फुगवून बसला. तात्या बोलायला उठले.

“मागल्या साली दुधाचा दर पाडला, त्याच दिवशी ह्या घड्याळावरचं हिंदुरावाचं नाव मी काच उघडून सुईनं खरडून काढलं. ज्याला बघायचं त्यानं बघा.”

तात्यांचं घड्याळ सर्जेरावनं आठवडाभर मिरवलं होतं. वेळ सोडून त्यात काहीच पाहिलं नव्हतं.

तात्यांनी घड्याळ काढून पुढच्या रांगेत दिलं. रावजीनं ते डोळ्यांशी नेलं आणि खड्या आवाजात वाचलं, “चेअरमन हिंदुराव यांच्या शुभहस्ते.”

मंडप फुटेस्तोवर हसला. हिंदुराव जागेवरूनच म्हणाले, “तात्या, नाव परत घालून घेतलं व्हय? मग उभं कशाला ऱ्हायलाय?”

तात्या पडले. घरी आले. दारात थांबले.

“माझं कुठं हाय?”

“कालव्यात.”

“आन तू कुठं निघालास?”

सर्जेराव मोटरसायकलला लाथ घालत होता.

“इंदापूरला. त्या भिमाला जाब इचारायला.”