तीन सायकली आणि एकोणीस नारळ

"सर्जेराव आबा, काय न्हाय, नुसतं पाणी प्यायला थांबतो. तीन मानसं हायत. धा मिंटात पुढं जातो बघा."

अमजद शिकलगार फोनवर एवढंच बोलला. शेजारी भाकरी थापणाऱ्या फरजानाने हात परातीतच थांबवून नवऱ्याकडे पाहिलं.

"आबांना कशापायी सांगितलं? बाटल्या भरून न्यायच्या हुत्या की."

"अगं, पुण्याची मानसं. वाटंत एखादं वळखीचं घर असल्यालं बरं."

"बरं," फरजाना म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापू लागली. बावीस वर्षांच्या संसारात तिचं 'बरं' अमजदला कळायला हवं होतं, पण त्या दिवशी तो भलत्याच आनंदात होता.

बारामतीत अमजदचं सायकलचं दुकान वडिलांपासूनचं. आता तिथे सायकली कमी आणि मोटरसायकलींची पंक्चरंच जास्त यायची. तरी दर रविवारी अमजद सायकल काढून नीरेच्या कडेने थेट इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरच्या संगमापर्यंत जाऊन यायचा. उसाची रानं, बोरीच्या द्राक्षबागा, मग जुने घाट आणि दोन नद्यांचं एकत्र आलेलं पाणी. हे सगळं एकट्यानेच बघतोय याचं त्याला खरोखर वाईट वाटायचं. म्हणून त्याने वाटेचा नकाशा हाताने काढला, खंड्या पक्षी कुठल्या वळणावर बसतो तेसुद्धा त्यात लिहिलं, आणि पुण्याच्या एका सायकल क्लबाला पाठवला. आठ महिने पत्रं लिहिल्यावर क्लबाने दोघांना तपासणीला धाडायचं कबूल केलं. वाट पसंत पडली तर ती क्लबाच्या यादीत जाणार होती आणि दर हिवाळ्यात सायकलवाल्यांच्या टोळ्या तिच्यावरून येणार होत्या. अमजदला आठ दिवस नीट झोप नव्हती.

फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी साडेसहाला स्वरूपा आणि रणजित दुकानासमोर हजर झाले. स्वरूपा क्लबाची तपासनीस. तिने आल्या आल्या नियम सांगितले. "गाडीची मदत घ्यायची नाही. स्वतःचं ओझं स्वतः वाहायचं. आणि सूर्यास्ताच्या आत मुक्काम गाठायचा. एक जरी नियम मोडला तरी मार्ग नामंजूर." रणजितने फक्त नाष्टा कुठे आहे ते विचारलं.

वाटेतल्या पहिल्या गावात, कण्हेरीत, सर्जेराव आबांच्या अंगणात सतरंज्या पसरल्या होत्या. चाळीसेक माणसं बसली होती. मधोमध टेबल, टेबलावर शाली आणि नारळ.

"आबा, पाणी म्हनलं हुतं मी," अमजद हळूच म्हणाला.

"पाणी हाय की. आदी सत्कार, मग पाणी. पुण्याची मानसं सायकलीवर आली न् आमी तांब्या पुढं करून वाटंला लावायची व्हय? गाव काय म्हनंल?"

आबांच्या भाषणाची सुरुवात त्यांच्या आजोबांपासून झाली. आजोबा सोमेश्वरनगरच्या कारखान्यावर सायकलने जात. ते कारखान्यावर पोचेपर्यंत पाऊण तास गेला, आणि आजोबांना अजून परत यायचं होतं. मग शाल, नारळ, पोहे, चहा. जवळच्या गवळ्याने आग्रह केला म्हणून वरून एकेक पेला दूध. निघताना आबांनी सामान टेम्पोने पुढे पाठवायची तयारी दाखवली, पण स्वरूपाने नियम मोडू दिला नाही. तिघांनी आपापला नारळ आपापल्या सायकलीला बांधला.

साडेनऊ वाजले होते. एवढ्यावर भागलं असतं, पण सायकली वळणाआड जायच्या आत आबांनी बोरीच्या कुंडलिकरावांना फोन लावला. कुंडलिकराव त्यांचे व्याही.

"पाव्हणं, तुमच्याकडनं सायकलवालं जानार हायती. आमी शाल न् नारळ दिला. तुमी आपलं झेपंल तसं करा."

व्याह्याला 'झेपेल तसं करा' असं सांगितल्यावर जे व्हायचं तेच बोरीत झालं. रस्त्यातच आडवा ट्रॅक्टर लावून कुंडलिकराव उभे होते. नारळ प्रत्येकी दोन, द्राक्षांची पेटी प्रत्येकी एक, आणि खास बोलावलेला फेटेवाला.

"हेल्मेट काढता येणार नाही," स्वरूपा म्हणाली. "क्लबाची सक्त ताकीद आहे."

फेटेवाल्याने तिच्या हेल्मेटवर टकटक करून पाहिलं. "ऱ्हाऊ द्या, ताई. वरनं बांदतो. बसतोय चांगला."

तिघांचे फेटे हेल्मेटवरून बांधले गेले. डोकी केवढीच्या केवढी झाली. स्वरूपाचा फेटा भुवयांवर उतरला होता आणि समोरचं पाहायला तिला हनुवटी वर करावी लागत होती.

"आम्हाला द्राक्षबाग बघायची होती," ती आभाळाकडे बघत म्हणाली.

"बाग काय पळून चालली काय? जेवनं उरकू, मग बगू," कुंडलिकराव म्हणाले.

जेवणात पुरणपोळी होती. रणजितने चार खाल्ल्या आणि पाचवीला नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती ताटात पडली. जेवणं उरकेपर्यंत अडीच वाजले आणि बाग राहिलीच. तिघं निघाले तेव्हा कुंडलिकराव बावड्याला, थोरल्या बहिणीला फोन लावत होते. "आक्का, आमी फेटं बांदलं बग."

ते शब्द कानावर पडताच अमजदने पायडल जोरात मारलं. ही आक्का म्हणजे बनाबाई, बावड्याच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, आणि भावापुढे मागे पडायचं त्यांना ठाऊक नव्हतं. बावडा जवळ आलं तेव्हा सूर्य कलायला लागला होता. अमजदने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचा तरी पाहुणचार चुकवायचं ठरवलं.

"मॅडम, गावात जायला नको. कालव्याच्या कडंची वाट हाय, मला ठावं हाय."

वाट छान होती. सावली होती, पाण्याचा आवाज होता. तीन किलोमीटर गेल्यावर वाटेच्या ऐन मध्यावर प्लास्टिकची खुर्ची दिसली. खुर्चीत बनाबाई बसल्या होत्या.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "म्हनलं, अमजद लाजरा हाय, गावातनं यायचा न्हाय. चला, मंडप वाट बगतोय. दुपारधरनं बायांनी रांगुळ्या काडल्यात."

"आक्का, सूर्य मावळायच्या आत संगमावर जायाचं हाय ओ. माझं आठ महिन्याचं काम वाया जाईल."

"जावा की. पाच मिंटाचं काम हाय."

मंडपात कर्णा होता. सोसायटी, डेअरी, भजनी मंडळ, तरुण मंडळ अशा दहा संस्थांनी आपापला नारळ दिला. एकूण नारळ एकोणीस झाले. मग कुणीतरी स्वरूपाला म्हणालं, "ताई, दोन शब्द बोला."

स्वरूपाने माईक हातात घेतला. पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्याला त्याहून मोठ्या. पुण्यात तिचं बोलणं असं कुणी ऐकलं नसावं. ती पस्तीस मिनिटं बोलली. अमजद खाली बसून एकदा तिच्याकडे आणि एकदा मंडपाच्या फटीतून दिसणाऱ्या सूर्याकडे बघत होता. त्याला ओरडावंसं वाटत होतं. पण गळ्यात तीन हार होते, आणि हार घातलेल्या माणसाला ओरडता येत नाही.

ते संगमावर पोचले तेव्हा अंधार पडला होता. पाण्याचा नुसता आवाज येत होता. "हितनं लई सुंदर दिसतं," अमजद काळोखाकडे हात करून म्हणाला. स्वरूपाने विजेरीच्या उजेडात तपासणीचा तक्ता भरला.

पुढचे आठ दिवस फरजानाने खोबऱ्याच्या वड्या केल्या, खोबऱ्याची चटणी केली, आणि एका शब्दानेही नवऱ्याला टोचलं नाही. नवव्या दिवशी दुकानात फोन आला.

"अमजदभाई, स्वरूपा बोलतेय. मार्ग नामंजूर झाला. सूर्यास्ताचा नियम मोडला ना. नदी, बाग, संगम, यातलं काहीच नीट पाहता आलं नाही, तसं मला लिहावं लागलं."

"बराबर हाय, मॅडम," अमजद म्हणाला आणि स्टुलावर बसला.

"पण मी क्लबात सगळ्यांना त्या दिवसाचे फोटो दाखवले. सव्वीस जण यायचंच म्हणतायत! पुढच्या महिन्यात."

अमजद उभा राहिला. हातातला पाना खाली पडला. "सव्वीस? गिअरच्या सहा सायकली माज्याकडं हायत, बाकीच्यांचं मी आजच बगतो. कायबी काळजी करू नका, मॅडम, एकेक सायकल ऑइल करून—"

"अहो, सायकली नकोत."

"आँ?"

"सायकलीनं दिवसभरात तीनच सत्कार झाले. बस केली तर सहा सहज होतील. आणखी तीन गावांत तुमचं कुणी ओळखीचं आहे का?"

अमजदने दुकानात ओळीने लावलेल्या सायकलींकडे पाहिलं. मग ग्रीस लागलेल्या हाताने कागद पुढे ओढला आणि गावांची नावं लिहायला घेतली.