घोट्याची खरी हकीकत

मी नाचायचं ठरवलं. सगळं तिथून बिघडलं.

मी महादू तांडेल, सातपाटीचा. वय एकाहत्तर. शाळा चौथीपर्यंत, तीही वादळामुळे बोट बंद असेल त्या दिवशी. बाकी आयुष्य समुद्रावर गेलं. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. तो सांगतो, खलाशी ऐकतात. तांडेल हसला की खलाशीही हसतात आणि कामं राहून जातात. म्हणून मी हसत नसे. नाचण्याचा तर प्रश्नच नव्हता.

सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या मुलीची, जागृतीची हळद होती. बँजो वाजत होता. ती हळदीने माखलेल्या हातांनी माझा हात धरून ओढू लागली. "बाबा, एकदाच." समोर माझे आठ खलाशी उभे होते. मी हात सोडवून घेतला. म्हणालो, "तांडेल नाचत नाय." दुसऱ्या दिवशी खलाशांनी माझं निमूट ऐकलं. जागृतीनेही ऐकलं. त्यानंतर तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

(तेव्हा मला ते बरं वाटलं होतं. मूर्ख माणसाला काय काय बरं वाटतं.)

आता तिच्या मुलीचं, उन्नतीचं लग्न ठरलं. दातिवऱ्याला, एक महिन्यावर. उन्नती मला घाबरत नाही. तिला कोणी तसं शिकवलंच नाही. तिचा फोन आला.

"आजोबा, हळदीला तुमी माझ्यासोबत नाचायचं. व्हिडिओ पाठवते. चारच स्टेप हायत."

मी म्हणालो, "बघू."

माझ्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण या वेळी मी खरंच बघितलं. तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला.

मनात एवढंच होतं. उन्नतीबरोबर दोन पावलं टाकायची आणि मग जागृतीसमोर हात धरायचा. बोलायचं काही नाही. बोलणं मला जमत नाही.

माझी बायको हिरा मासळी घेऊन पालघरच्या बाजाराला गेली की घर रिकामं. मी जाळ्यांच्या खोलीत जाऊन दाराला कडी लावली. फोनचा आवाज बंद ठेवला, शेजारी ऐकू जायला नको म्हणून. आवाजाशिवाय नाचणारा म्हातारा बघितला तर फीट आली समजून कोणीही नाकाला कांदा लावायला धावेल. पण बघणारं कोणी नव्हतं. पहिल्या तीन स्टेप मला आल्या. चौथीत एका पायावर गिरकी होती. गिरकी अर्धी झाली आणि पाय जाळ्यात अडकला. पन्नास वर्षं त्या जाळ्यात मी मासळी धरली. त्याने मला वेगळं मानलं नाही.

पडताना 'कट्' असा आवाज झाला. घोट्याचा की फोनचा, कळेना. फोन तपासला. तो धड होता.

दुपारी हिरा आली.

"आवो, घोट्याला काय झालं?"

"मुंगी चावली."

"मुंगी होती का म्हैस?"

"मुंगी."

तिने घरभर मुंग्यांची पावडर मारली. मला दोन दिवस शिंका आल्या. प्रत्येक शिंकेला घोट्यातून कळ यायची. आणि मुंगी चावलेला माणूस लंगडत नाही, म्हणून मी ताठ चालायचो. गावभर. मुद्दाम.

चौथ्या दिवशी पायात चप्पल जाईना. हिराने गावातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाजूला हिरा बसलेली असतानाच विचारू लागला.

"मार लागला?"

"नाय."

"पडलात कुठे?"

"मी पडत नाय."

"मग आपोआप सुजला?"

"हां."

डॉक्टरने थोडा विचार केला. बिचाऱ्याला मी विचार करायला काही ठेवलंच नव्हतं. तो म्हणाला, "मग युरिक ॲसिड असू शकतं. रक्त तपासू. तोवर मासे बंद. कोलंबी, सुका बोंबील, सगळं बंद."

सातपाटीत राहून मासे बंद. हिरा बाजारात टोपलीभर पापलेट विकून यायची आणि मला दुधी वाढायची. एक खोटं बोललो तर सहा दिवस दुधी खावा लागला. मग रिपोर्ट आला. रक्त एकदम चांगलं निघालं. तोवर घोटा निळ्याचा हिरवा झाला होता.

"हा हिरवा कशाने झाला?" हिराने विचारलं.

"दुधीने," मी म्हणालो.

मग कोणीतरी माकुणसारच्या जिव्याचं नाव सांगितलं. जिव्या हाडं बसवतो, नसा उतरवतो. त्याने घोट्यावर अंगठा दाबला.

"कोणत्या अंगाला वळला?"

"वळला नाय."

"मग नस चढलीय. पण कोणत्या अंगाला चढली ते तुमी सांगत नाय. दोन्ही अंगांना ओढून बघतो."

त्याने बघितलं. मी ओरडलो नाही. (हिरा म्हणते, सफाळ्याच्या स्टेशनावर लोकांना गाडी आली असं वाटलं. बायका वाढवून सांगतात.)

असे सतरा दिवस गेले. शेवटी हिराने जागृतीला फोन केला. जागृती दातिवऱ्याहून लग्नाची कामं टाकून आली आणि मला रिक्षात घालून बोईसरला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. डॉक्टर रिद्धी. वय उन्नतीएवढंच वाटत होतं. एक्स-रे काढला. ती तो बराच वेळ उजेडात धरून बघत राहिली.

"इथे एक बारीक रेघ आहे. नवी तड असेल, जुनी असेल, नाहीतर नुसती सावली असेल. लिगामेंटही फाटलं असेल. काका, हे झालं कसं, ते सांगा. पाय आत वळला की बाहेर?"

जागृती शेजारीच बसली होती.

"बोटीवरून उतरताना," मी म्हणालो.

"बाबा, बोट विकून चार वर्षं झाली," जागृती म्हणाली.

"दुसऱ्याच्या बोटीवरून."

"कोणाच्या?"

"जागृती, मला पाणी आन."

ती पाणी आणायला गेली. मी दाराकडे बघितलं आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. खोली, जाळं, गिरकी. तिने ऐकून घेतलं. मग उठून विचारलं, "कशी गिरकी? अशी?" आणि तिने ती बरोबर मारली.

"तशीच," मी म्हणालो. "पण मी अर्ध्यातच थांबलो."

ती हसली. मग हसायची थांबली.

"काका, पहिल्याच दिवशी हे सांगून आला असतात, तर पट्टा बांधून पाय वर ठेवायला लावला असता. हळदीला आधार घेऊन का होईना, उभे राहिला असतात. तुम्ही सतरा दिवस चाललात. वर कोणीतरी ओढलाय. आता तड आहे की लिगामेंट, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मोठी तपासणी केली तर कळेल. पण दोन्हीला आत्ता उपाय एकच. प्लास्टर. चार आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही."

"हळद तेरा दिवसांवर हाय."

"खुर्चीवर बसा."

"मुलीला सांगू नका," मी म्हणालो.

परत येताना जागृती रिक्षात माझ्या बाजूला बसली. उमरोळीच्या पुढे आल्यावर ती बाहेर बघत म्हणाली, "बाबा, नाचायचं नव्हतं तर उन्नतीला सरळ नाय म्हणायचं होतं. मला म्हणालात तसं. पाय कशाला मोडून घेतलात?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तोंड उघडलंही. बाहेर आलं ते असं, "रिक्षावाला खड्डे बघत नाय." रिक्षावाल्याने वळून माझ्याकडे बघितलं. त्या बिचाऱ्याने प्रत्येक खड्डा चुकवला होता.

हळदीच्या संध्याकाळी मला मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. दुसऱ्या खुर्चीवर प्लास्टर. पोरांनी त्याच्यावर पेनाने पापलेट काढला होता. बँजोवाले असे वाजवत होते, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. उन्नती माझ्यासमोर येऊन नाचली. मी हातांनी तिच्या स्टेप केल्या. हातांच्या मला सगळ्या पाठ होत्या. ती ओरडली, "आजोबा, तुमी शिकलात!" ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

मग जागृती दिसली. खांबाला टेकून बघत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. तालात. तळवा वर, दोनदा आत ओढायचा.

तिने मान हलवली, आत गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली.

आता आणलंय तर नको कसं म्हणायचं. प्यालो. ती परत खांबाशी गेली. मी पुन्हा हात केला, या वेळी दोन्ही हात. ती मोठा ग्लास घेऊन आली. तोही प्यालो. तिसऱ्या वेळी मी मानही डोलावली, म्हणजे तिला नाच आहे हे कळावं. तिने ग्लास माझ्या तोंडाला लावला आणि माझी पाठ चोळली.

आयुष्यभर जिच्याकडे हात पुढे केला तो काहीतरी आणायला सांगण्यासाठीच. तिने दुसरं काय समजायचं?

मी हात मांडीवर ठेवून बसलो. पण तीन ग्लास पाणी म्हाताऱ्या माणसाच्या पोटात बसून राहत नाही. थोड्या वेळाने मी जावयाला, धर्मेशला, जवळ ओढलं आणि कानात सांगितलं. धर्मेशने भावाला बोलावलं. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, प्लास्टरचा पाय वर धरून, मी एका पायावर उड्या मारत मांडवातून निघालो.

बँजोवाल्याला वाटलं, म्हातारा उठला. त्याने ताल दुप्पट केला. उन्नतीने शिट्टी मारली. सगळा मांडव मागे लागला. आणि जागृती धावत पुढे आली. माझ्या समोर उलटी चालत, दोन्ही हात वर करून नाचायला लागली. रडत होती, हसत होती. मी ओरडलो, "जागृती, बाजूला हो!" तिला ऐकू गेलं, "जागृती, नाच तू पण!" असं ती नंतर सगळ्यांना सांगत होती.

उन्नतीने त्याचा व्हिडिओ काढला आहे. जागृती तो येईल त्या पाहुण्याला दाखवते. परवा सातपाटीला आली तेव्हा माझ्या शेजारी बसून मलाच दाखवला. सांगावं असं पुन्हा मनात आलं. जाळ्यांची खोली, अकरा वेळा बघितलेला व्हिडिओ, सगळं. पण तिने बोट ठेवून माझा चेहरा मोठा केला.

"बघा बाबा, तुमाला किती भरून आलं होतं."

मी म्हणालो, "हो."

तीन ग्लास. भरून आलं होतं, हे तरी खोटं नाही.