माती घरी पोचवणारे तात्या

लासुर्ण्यात येऊन मला आठवडा झाला नव्हता, तोच एका सकाळी एका गृहस्थांनी माझ्या दारात चिखलानं भरलेली पाटी उतरवली. पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. मी खोलीमागं न्हाणीसाठी खड्डा खणून माती तशीच टाकली होती. गृहस्थ अदबीनं म्हणाले, "मास्तर, तुमची माती पावसात पळून आमच्याकडं आली हुती. सांबाळा."

हे तात्या. पन्नाशी उलटलेले, घरात एकटे. गावात कुणाचंही बांधकाम निघालं, की पाऊस पडल्यावर यांची फेरी सुरू. ओघळीतला गाळ बोटांत चोळायचा, तो कुणाच्या घराच्या पायातला ते ओळखायचं आणि ज्याचा त्याला नेऊन द्यायचा. पाटलांच्या ओसरीवरसुद्धा दोन पाट्या ओतल्या होत्या. पाटील भडकले, तर म्हणाले, तुमचीच हाय, मी ठिऊन कशी घिऊ? आता अशा माणसाशी भांडणार तरी काय, कपाळ!

पुढं शाळेच्या दोन खोल्या बांधायचं ठरलं आणि देखरेख माझ्या गळ्यात पडली. जागा मिळाली उतारावर. उताराच्या तळाशी गावाची गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर. पितृपंधरवडा लागायच्या आत मुहूर्त साधायचा म्हणून घाईघाईनं पाया खणला. पंधरवडा लागला तसं काम थांबलं आणि गवंडी बारामतीला आपापल्या घरी गेले. मातीचा ढीग उघडा आणि हस्ताचा पाऊस तोंडावर.

तात्या आले, ढिगाभोवती फिरले आणि माझी चांगली खरडपट्टी काढली. एक मोठी सर आली की ही माती विहिरीत जाणार आणि गाव महिनाभर गढूळ पाणी पिणार, असं स्वच्छ सांगितलं. मी त्यांना पाटलांकडं नेलं. पाटील म्हणाले, पंधरवड्यात नवं काम धरायचं नाही.

"नवं कुठं? माती जुनीच हाय," तात्या म्हणाले.

पाटलांनी चार गडी दिले.

मग तात्यांनी आम्हाला जे राबवलं, त्याला तोड नाही. ढिगाच्या वरच्या अंगाला चर खणून उतारावरचं पाणी ओढ्याकडं वळवलं. ढिगावर उसाचं पाचट अंथरलं, ते उडू नये म्हणून दगड ठेवले. खालच्या अंगाला पसरट खड्डा आणि त्याच्यापुढं दगडांचा बुटका बांध, आतून बाभळीच्या फांद्या लावलेला. "पाण्याला बसाय जागा द्या, मास्तर. दम खाल्ला की ते माती ठिऊन जातं." माझे तळहात सोलून निघाले. मनातल्या मनात मी त्यांना नाही नाही ते बोललो.

अष्टमीला दुपारी आभाळ फुटलं. आम्ही सगळे पाटलांच्या ओसरीवर, आणि तात्या पोत्याची खोळ घेऊन बांधापाशी. चरानं पाणी वळवलं, खड्डा भरला, बांध धरून राहिला. एवढ्यात बांधाचं एक टोक ढासळलं. तर हा माणूस चक्क त्या खिंडारात मांडी घालून बसला! ते बघून पाटील स्वतः धोतर खोचून दगड घेऊन धावले. त्यांच्यामागं आम्ही सगळे. भिजून चिंब झालो, पण टोक बुजवलं.

पाऊस थांबल्यावर विहिरीवर जत्रा जमली. पाण्याखालच्या पायऱ्या मोजता येत होत्या. पाटलांनी तात्यांच्या डोक्याला आपला फेटा बांधला, आणि मी तर असा मिरवत होतो की सगळी अक्कल माझीच. खरं सांगतो, इतका आनंद मला पुढं शाळा उघडली तेव्हाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर सगळ्यांच्या आधी तात्या. धुतलेलं धोतर, घासून लख्ख केलेला तांब्या. मी चेष्टेनं विचारलं, पाण्याची तपासणी चाललीय का?

"आज नवमी न्हवं? तिचा दिस."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची ही तिथी. तात्या पोहरा ओढत सांगू लागले. त्यांनी वरच्या आळीला घर बांधायला काढलं, त्या साली त्यांच्याच पायाची माती या विहिरीत उतरली. बायको तापानं फणफणलेली, सारखं नितळ पाणी मागायची.

"तीन पदरी धोतरातनं गाळलं, मास्तर. तरी गढूळ. तिनं वठाला लावलं अन् तोंड फिरवलं."

त्यांनी तांब्या भरला, उन्हात धरून तळापर्यंत पाहिला.

"आज पील," म्हणाले आणि दोन्ही हातांनी तांब्या सांभाळत घराकडं निघाले.